कमी धावलेली गाडी, लांबचा रस्ता

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या गाडीवेड्या मंडळींमध्ये गेल्या काही वर्षांत एक बेत लोकप्रिय झाला आहे. शुक्रवारी रात्रीच्या विमानाने दिल्ली गाठायची, शनिवारी सकाळी पैसे चुकते करून गाडी ताब्यात घ्यायची, दुपारी निघायचे आणि रविवारी संध्याकाळी घरासमोर गाडीला हार घालून नारळ फोडायचा. अंतर १४०० किलोमीटरच्या आसपास. गाडी बहुधा दोन दारांची, बसकी, परदेशी बनावटीची. नवी असताना जिची किंमत नुसती ऐकायची, ती दहा-बारा वर्षांनी आवाक्यात आलेली असते.

दिल्लीच का, तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यास मनाई केली. पुढे या नियमाच्या अंमलबजावणीवरून बरेच वाद झाले, पण मुदत जवळ आली की गाडी परराज्यात विकून मोकळे होण्याची तिथली रीत कायम राहिली. त्यात स्पोर्ट्स कार ही श्रीमंताघरची चौथी-पाचवी गाडी. ती रोज ऑफिसला जात नाही, तळघरात झाकून उभी असते. म्हणून बारा वर्षांची गाडी आणि रीडिंग जेमतेम वीस हजार, असा योग जुळतो. खरेदीदाराला वाटते, घबाड सापडले.

चूक होते ती इथेच. गाडीचे वय किलोमीटरमध्ये मोजायची सवय आपल्याला टॅक्सी आणि ट्रक पाहून लागली आहे. इंजिनातल्या लोखंडापुरती ती बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण गाडी रस्त्यावर धरून ठेवणारे, थांबवणारे आणि थंड ठेवणारे भाग रबराचे आणि द्रवाचे असतात, आणि त्यांचे वय कॅलेंडर ठरवते. गाडी धावो न धावो, ते म्हातारे होतच राहतात.

टायरचेच पाहा. हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये हळूहळू नवे सांधे तयार करतो आणि लवचीक रबर कडक होत जाते. उन्हाच्या झळा लागल्या की हा वेग वाढतो. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर प्रखर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो रबराला थेट तडे पाडतो. दिल्लीचा उन्हाळा या दोन्ही बाबतींत उदार आहे. यावर उपाय म्हणून टायर कंपन्या रबरात मेण आणि संरक्षक रसायने मिसळतात. टायर रस्त्यावर फिरताना सतत दबतो, वाकतो आणि ही द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे वंगण मिळत नाही. म्हणजे कमी धावलेल्या गाडीचा टायर दिसायला नवा, खाचा पूर्ण खोल, आणि आतून वाळलेला असू शकतो. विकणारा वरून चकचकीत टायर पॉलिश फासतो, त्यात बारीक तडे झाकले जातात. ओल्या फडक्याने ते पुसून बाजूची भिंत पाहावी.

टायरचे वय शोधायला तज्ज्ञ लागत नाही. बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ असे असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. खाच कितीही खोल असली तरी दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानली जाते. हा आकडा कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला असतो, त्यासाठी गाडीखाली वाकावे लागते. लाखोंचा व्यवहार करणारा माणूस रंगावरच्या ओरखड्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो आणि हे चार आकडे वाचत नाही, हे खरोखर नवल आहे.

'फास्ट अँड फ्युरियस' चित्रपटांतला अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अपघातात गेला. तो ज्या पोर्शे करेरा जीटीमध्ये बसला होता, ती २००५ ची होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात अपघाताचे कारण वेग हेच ठरले. ताशी सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या वेगात होती. पण टायरांच्या वयामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो, हीदेखील नोंद तपास अधिकाऱ्यांनी केली. गाडी चालवणारा तिचा जाणकार होता. तोही वाचला नाही.

आता ब्रेक. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर ब्रेकच्या डिस्कमध्ये जी उष्णता उतरते, तिच्यात जवळपास दोन लिटर पाणी उकळीला येईल. वेग १४० असेल तर हाच आकडा दुप्पट होतो. ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. रबरी नळ्यांमधून आणि झाकणातून वर्षानुवर्षे पाणी आत झिरपत राहते. नवे डीओटी-४ प्रतीचे ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, आणि द्रव दाबला जात नाही तशी वाफ नसते; ती दबते. पाय पेडलवर पडतो, पेडल फरशीला टेकते आणि गाडी थांबत नाही. शहरात फेरफटका मारताना हे कधीच कळत नाही, कारण ब्रेक तेवढे तापतच नाहीत. कळते ते इंदूर-धुळे रस्त्यावर बिजासन घाट उतरताना. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. काम तासाभराचे आहे आणि गाडीच्या किमतीपुढे खर्च नगण्य आहे.

कूलंटच्या नळ्या, इंजिनावरचे पट्टे, बॅटरी, वायपर यांची कथा याहून वेगळी नाही. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो पट्टा किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल त्यानुसार बदलायचा असतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि स्वस्तात मिळालेली गाडी फार महाग पडते. इंजिन तापले म्हणून गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही रस्त्याकडेला दरवर्षी कुणी ना कुणी भाजते. दाबाखाली ठेवलेले आतले पाणी शंभर अंशांच्या वर गेलेले असते. झाकण सुटताच ते एका क्षणात उसळते. सांडलेले कूलंट गोडसर लागते आणि विषारी असते, कुत्रे-मांजर किंवा लहान मूल जवळ असेल तर ते धुऊन टाकावे.

स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी बहुधा नसते. तिच्या जागी पंक्चर बुजवायचे द्रव आणि छोटा पंप असतो, आणि त्या बाटलीवरही मुदत छापलेली असते. रनफ्लॅट टायर असतील तर हवा गेल्यावर ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येते. पुढच्या आणि मागच्या टायरांची मापे पुष्कळदा वेगळी असतात, आणि तसला टायर आडगावच्या दुकानात मिळणार नाही.

एक तपासणी मात्र घरबसल्या आणि फुकट होते, ती एअरबॅगची. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णता आणि दमटपणा वर्षानुवर्षे सोसून ते बिघडते आणि अपघाताच्या वेळी धातूचे डबडे फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. त्यापायी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, भारतातही. पण कंपनीचे पत्र जाते ते नोंदीतल्या जुन्या मालकाकडे. तिसऱ्या मालकाला ते कोण पाठवणार? चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तपासला की उत्तर मिळते. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत गाडी न्यायची असेल तर हे टाळण्यात अर्थ नाही.

अशा गाड्यांचा सायलेन्सर बदललेला असणे ही आणखी एक गोष्ट. आवाजाच्या हौसेपायी केलेल्या जोडकामात फट राहिली तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि माणूस समजतो की प्रवासाचा शीण आहे. गाडी लिफ्टवर चढवून एक्झॉस्टचे सांधे पाहिल्याशिवाय ती लांबवर नेऊ नये. प्रवासात दोघांचेही डोके एकदमच दुखू लागले तर काचा उघडून गाडी थांबवावी आणि खाली उतरावे.

एवढे सगळे केले तरी गाडीतला सर्वांत थकलेला भाग स्टिअरिंगमागे बसलेला असतो. शुक्रवारी दिवसभर काम, रात्रीचे विमान, हॉटेलात चार-पाच तासांची झोप, सकाळी सहाला उठून गाडी पाहायला. रात्री अकराला तो उदयपूरच्या अलीकडे असतो, सतरा तास जागा. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले की सतत सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढासळतो, आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखा. भारतात कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारूच्या थेंबाला न शिवता हा माणूस मद्यपीच्या अवस्थेत गाडी हाकतो, आणि तीही अनोळखी. तिचे ब्रेक कुठे धरतात, मागचे चाक केव्हा सुटते, हे त्याला अजून ठाऊक नाही.

पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळा शरीराच्या घड्याळात झोपेच्या आहेत. या काळात उघड्या डोळ्यांनीही तीन-चार सेकंदांची डुलकी लागते. ताशी १०० च्या वेगात चार सेकंद म्हणजे ११० मीटर. गाणी मोठ्याने लावणे, काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम काही मिनिटे टिकतो. एसी सतत आतलीच हवा फिरवत असेल तर बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती आणखी वाढते. कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटे झोपणे हा उपाय चांगला, कारण कॉफीचा असर सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. पण त्याने रात्रभराची झोप भरून निघत नाही. बसक्या सीटवर पाय लांब करून तासन्‌तास बसल्याने पिंढरीतल्या शिरांमध्ये रक्त साकळते, तेव्हा दर दोन तासांनी उतरून चालणे हेही आलेच.

'दिल्ली ते पुणे, नॉनस्टॉप, बावीस तास' असे अभिमानाने सांगणारे भेटतात. ते पोचलेले असतात म्हणून सांगतात.

मग निघावे तरी कधी? गाडी हाती आल्यावर किमान एक पूर्ण दिवस तिच्या ओळखीच्या गॅरेजला द्यावा, विकणाऱ्याच्या नव्हे. टायर, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट, एक्झॉस्ट, बॅटरी हे त्या दिवसात उरकते. संध्याकाळी शहराबाहेर चाळीस-पन्नास किलोमीटरची फेरी मारून यावे आणि गाडी रात्री कोरड्या पुठ्ठ्यांवर उभी करावी. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर काय गळते ते कळेल. एनओसी, पीयूसी आणि विमा याच दिवशी मार्गी लावावेत. विमा जुन्याच नावावर असेल तर वाटेत झालेल्या नुकसानीची भरपाई मिळताना अडचण येते. त्या रात्री पुरेशी झोप घेऊन उजाडल्यावर निघावे. पहिला मुक्काम उदयपूर, दुसरा वडोदरा किंवा सुरत. सकाळी टायर थंड असतानाच हवा तपासावी. अंतर कापून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो; तो पाहून हवा काढली की कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि आणखी तापतो.

घरी रविवारची पूजा ठरलेली असते, फोन येत राहतात, 'कुठवर आलास?' पूजा बुधवारी झाली तर गुरुजींचीही हरकत नसते. आणि टायर अकरा वर्षांचे निघाले, त्या मापाचे नवे दिल्लीत मिळायला आठवडा लागणार असेल, तर गाडी कॅरिअरवर चढवून पाठवावी आणि आपण विमानाने परतावे. ती दारात उतरेल तेव्हा किलोमीटरच्या रीडिंगमध्ये एकाचीही भर पडलेली नसेल.