आड येणारी फांदी

धरमतरच्या खाडीला ओहोटी लागली, की तिवरांच्या मुळांत ढोकरी बगळा निवट्या टिपावयास उतरतो. त्याचे छायाचित्र घेण्यास हल्ली पुष्कळ हौशी मंडळी येतात. त्यांतील काहींची एक खोड मला मुळीच रुचत नाही. आड येणारी फांदी ते मोडतात. पक्षी उघड्यावर यावा म्हणून मासळीचे तुकडे फेकतात. छायाचित्र स्वच्छ येते खरे, पण ते खोटे असते!

मुलांनो, ढोकरीला भक्ष्य साधते ते त्या अडचणीच्या जागेमुळेच. तिची पाठ एरवी मातकट. मुळांच्या दाटीत ती निश्चल उभी राहिली, की जणू चिखलाचाच एक भाग होते. उडाली, की पांढरेशुभ्र पंख उलगडतात आणि हा निराळाच पक्षी की काय, असे वाटते! मुळे वगळून काढलेल्या चित्रात तिची शिकार कशी समजावी?

फांदीस हात न लावता आपणच हातभर सरकावे, खाली बसावे. कॅमेऱ्याची नजर पुढच्या काडीवरच खिळते. म्हणून भिंग हाताने फिरवून पक्ष्याच्या डोळ्यावर आणावे. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते, हेही ध्यानी असावे.

आणि धीर किती धरावा? याच किनाऱ्यावर, किहीम येथे, १९३० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सालिम अली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीजवळ कित्येक महिने निरीक्षण करीत होते. नर घरटे अर्धेच विणतो आणि मादीने पसंत केले तरच पुरे करतो, हे त्यांना तेथे उमगले.