फुकट कुठेच नसते



ज्यांची मुले परदेशी, त्या आपल्या बायकांत एक वाद ठरलेला: लंडनला उपचार फुकट, अमेरिकेत दिवाळे. मी बी.कॉम. झालेली, हिशेब तपासल्याशिवाय चैन पडत नाही.

ब्रिटनमध्ये १९४८ पासून इस्पितळाचे बिल रुग्णाच्या हातात येत नाही. पैसे करातून आधीच गेलेले असतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला मात्र महिनोन्‌महिने थांबावे लागते. अमेरिकेत पुष्कळांचा विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तोही धोक्यात. आणि थायलंड? श्रीमंत देश नव्हे, तरी २००२ पर्यंत विमा नसलेल्या सर्वांना एका खेपेला ३० बाटमध्ये उपचार देऊ लागला.

म्हणजे मुद्दा श्रीमंतीचा नाही. सगळ्यांनी मिळून आधी भरायचे, की आजारी माणसाने एकट्याने नंतर, एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडे नंतर भरतात, आणि पहिल्यांदा मोडतात त्या घरच्या बाईच्या पाटल्या. वर आपणच म्हणतो, कर्माचा उदय! आजार कर्माने येत असेल; बिल माणसांनी ठरवलेले असते.

चार दानांत औषधदान आहे. सरकारी दवाखान्यात औषध का नाही, हे मत मागायला दारात येणाऱ्याला विचारा. तेही औषधदानच.