रस्त्यावरची वीज कोणाची?

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये विद्युत वाहनांचे नवे धोरण मंजूर केले. १,९९३ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या धोरणात राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र उभारण्याचे अभिवचन आहे. अभिवचन स्वागतार्ह आहे, पण नवे नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच अंतर घालून दिले होते. शहरांत तर तीन किलोमीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकटीत एक केंद्र असावे, असे म्हटले होते. सहा वर्षांनंतर तोच आकडा पुन्हा लिहावा लागतो, यातच सर्व आले.

मोटारवाल्यांच्या सोयीची चिंता समाजवाद्यांनी कशासाठी वाहायची, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु बंगल्यात राहणाऱ्या मोटारमालकाला सार्वजनिक चार्जरची गरज क्वचितच पडते. त्याची गाडी रात्री त्याच्याच अंगणात, त्याच्याच मीटरवर भरते. सार्वजनिक चार्जरवाचून ज्याचे अडते तो चाळीत किंवा वाहनतळ नसलेल्या जुन्या इमारतीत राहणारा टॅक्सीचालक. गाडी कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली आणि कमाई किलोमीटरवर मोजलेली. पेट्रोल भरण्यास पाच मिनिटे पुरतात. पण ३० युनिटांची बॅटरी ३० किलोवॉटच्या चार्जरवर भरण्यास किमान तास लागतो. पुढे दोन गाड्या उभ्या असल्या की तिसऱ्याचे तीन तास गेले, आणि ते त्याच्या मजुरीतूनच वजा होतात. चार्जर बंद निघाला तर दाद मागण्यास केंद्रावर माणूस नसतो. शिवाय प्रत्येक कंपनीचे ॲप निराळे आणि त्यात आगाऊ पैसे भरण्याची सक्तीही निराळी.

या दुरवस्थेचे एक मूळ एका व्याख्येत आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज विकण्यास परवाना लागतो. एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की, वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून ती एक सेवा आहे. सबब परवाना नको. केंद्रे लवकर उभी राहावीत हा त्यामागील हेतू होता आणि तो सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. पण परवान्याबरोबर त्याला जडलेली कर्तव्येही गेली. वितरण कंपनीला मागेल त्याला जोडणी द्यावी लागते. तिचे दर नियामक आयोग उघड सुनावणी घेऊन ठरवतो. चार्जिंग कंपनी मात्र जेथे धंदा दिसेल तेथे केंद्र काढते आणि न परवडल्यास ते बंद करते. केंद्रापर्यंत येणाऱ्या विजेचा दर आयोगाच्या हाती राहिला. पुढच्या सेवाशुल्काला मर्यादा घालण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले.

याच व्याख्येचा दुसरा परिणाम तर हास्यास्पद आहे. घरी येणाऱ्या विजेवर वस्तू व सेवा कर नाही. विद्युत मोटार विकत घेताना तो ५ टक्के आहे. रस्त्यावर तीच मोटार भरली की ‘सेवा’ म्हणून १८ टक्के! कर्नाटकातील एका सरकारी वितरण कंपनीने २०२३ मध्ये याविषयी विचारणा केली, तेव्हा तेथील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने हेच उत्तर दिले. ज्याला अंगण आहे त्याला करमाफी आणि ज्याला नाही त्याला १८ टक्के, असा हा न्याय आहे.

केंद्रे कोठे निघावीत, याचे उत्तर राज्याच्या २०२१ च्या धोरणात होते. २,३७५ केंद्रांच्या उद्दिष्टापैकी १,५०० मुंबईला आणि ५०० पुण्याला. नागपूरला १५०, अमरावतीला ३० आणि सोलापूरला २०. लातूर, परभणी, रत्नागिरी यांची नावे त्या शहरवार यादीत नव्हतीच. आज राज्यातील केंद्रांची एकूण संख्या उद्दिष्टाच्या पुढे गेली आहे. डिसेंबर २०२४ अखेर ती ३,७२८ होती. मंत्र्यांना भाषणात सांगण्यास हा आकडा पुरेसा आहे. कळंबच्या चालकाला त्याचा उपयोग काय?

खेडोपाडी विजेचे खांब गेले ते नफ्याच्या हिशेबाने गेले नाहीत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाने तोट्याचे गाव म्हणून तारा अडवल्या असत्या, तर निम्मा महाराष्ट्र कंदिलावर राहिला असता. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतली, त्यामुळेच आज पेट्रोल पंपांचे मोठे जाळे सार्वजनिक कंपन्यांचे आहे. मार्च २०२३ मध्ये याच तेल कंपन्यांना ७,४३२ जलद केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. खाजगी उद्योगाच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाणारे सरकारही अखेर सार्वजनिक क्षेत्राच्याच दारात आले, हे नमूद करण्याजोगे आहे.

महाराष्ट्रापाशी याहून जवळचे साधन आहे, ते म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर महामंडळाची पहिली ‘शिवाई’ विद्युत बस सुरू झाली. महामंडळाची अडीचशे आगारे बहुसंख्य तालुक्यांत पोचलेली आहेत. भाडेतत्त्वावर ठरलेल्या ५,१५० विद्युत बसगाड्यांसाठी तेथे उच्चदाबाची वीज आणावीच लागणार आहे. स्थानकावर पाणी, स्वच्छतागृह, दिवा आणि चौकशीला माणूस आहे; रात्री एकट्या थांबणाऱ्या स्त्री-चालकाला हे किती मोलाचे, ते वेगळे सांगायला नको. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत आणि सप्टेंबर २०२५ च्या सूचनांनुसार बसस्थानकांवर वीज आणण्याच्या खर्चाचा ८० टक्के व यंत्रांच्या खर्चाचा ७० टक्के भाग अनुदान म्हणून मिळू शकतो. असे असता याच जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकासकांच्या हवाली करण्याची घाई चालली आहे. एकदा तेथे व्यापारी संकुले उभी राहिली की चार्जरही त्यांचे आणि दरही त्यांचेच!

केंद्र नुसते उभारून भागत नाही, ते चालूही राहावे लागते. ब्रिटनने २०२३ च्या नियमांनी जलद चार्जरांचे जाळे वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, साध्या बँक-कार्डाने पैसे घेणे बहुतेक जलद चार्जरांवर सक्तीचे केले आणि नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला. तो देश काही समाजवादी नव्हे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक केंद्रावर येथेही तेच बंधन हवे. दर ठळक फलकावर हवा आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा त्याच फलकावर हवी.

वीजदरांचे प्रस्ताव येतात तेव्हा महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती मागवतो व जनसुनावणी घेतो. शेतीपंप आणि यंत्रमागांच्या दरांसाठी कार्यकर्ते तेथे नेहमीच जातात; आता टॅक्सी व रिक्षाचालकांच्या संघटनांना बरोबर घेऊन चार्जिंगच्या दराचा प्रश्नही तेथे मांडला पाहिजे. त्याआधी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या गावातील चार्जर किती, त्यांतील चालू किती आणि युनिटमागे प्रत्यक्षात किती पैसे घेतले जातात, याची नोंद करून ठेवावी.