मासा वाढला, पण कोणाच्या ताटात?

धान्य आणि दूधदुभते यांच्यासाठी माणसाने शेतीचा व पशुपालनाचा आधार घेतल्याला हजारो वर्षे लोटली, तरी मासळीच्या बाबतीत तो परवापरवापर्यंत मुख्यतः शिकारीच होता. ही स्थिती आता पालटली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात तळी, खाड्या, पिंजरे आणि टाक्या यांतून वाढवलेल्या जलचरांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेले, तर समुद्र आणि नद्यांतून पकडलेल्यांचे ९ कोटी १० लाख टनांवर राहिले. म्हणजे शेतीतल्या मासळीने शिकारीतल्या मासळीला प्रथमच मागे टाकले. समुद्रातली पकड गेली तीन दशके जवळपास जागच्या जागी थांबली असल्याने वाढत्या लोकसंख्येला लागणारी जादा मासळी यापुढे संवर्धनातूनच यावी लागणार, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो या मासळीच्या खाद्याबद्दल आणि ती अखेर कोणाच्या वाट्याला येते याबद्दल. आणि मत्स्यसंशोधनाच्या दिशेचा निर्णय याच दोन प्रश्नांवर व्हायला हवा.

भारताचा या क्षेत्रातला वाटा मोठा आहे. २०२३-२४ मध्ये देशाचे मत्स्योत्पादन १८४ लाख टनांच्या घरात होते आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा गोड्या पाण्यातून व अन्य अंतर्गत जलसाठ्यांतून आला. या यशाची मुळे एका साध्या पण दूरगामी शोधात आहेत. कटला, रोहू, मृगळ हे कार्प गटातले मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातींची भेसळ ठरलेली असे. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशाला तळ्यातच अंडी घालायला लावण्यात यश मिळवले आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग खुला झाला. त्यानंतर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने निवड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पिढीतील जोमदार वाढीच्या कुळांतूनच पुढची पिढी घेत, रोहूचा ‘जयंती’ हा वाण विकसित केला. त्याच्या वाढीत दर पिढीला सरासरी १७ टक्के भर पडत गेल्याची नोंद आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, तेव्हा तिघांना एकत्र सोडले तर तळ्यातले सगळे नैसर्गिक खाद्य कामी येते, हे मिश्र मत्स्यशेतीचे तत्त्वही याच काळात रुजले. कमी खर्चाचे, बव्हंशी वनस्पती आणि प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर पोसले जाणारे हे मासे असल्याने त्यांच्यावरचे संशोधन थेट सामान्यांच्या जेवणापर्यंत पोहोचले.

पुढे मात्र संशोधनाचा ओघ महागड्या जलचरांकडे वळला. कोळंबी, सामन किंवा जिताडा यांसारख्या जलचरांना प्रथिनांनी समृद्ध खाद्य लागते आणि त्यात फिशमील, म्हणजे मासळी शिजवून, तेल काढून, वाळवून केलेली भुकटी, आणि माशाचे तेल यांचा वापर होतो. २०२२ मध्ये जगभर सुमारे १ कोटी ७० लाख टन मासळी थेट माणसाच्या पोटात न जाता या भुकटीसाठी आणि तेलासाठी गेली. संशोधकांनी सोयाबीन, शेंगवर्गीय प्रथिने, किड्यांच्या अळ्यांचे पीठ, एकपेशीय शेवाळ आणि प्रक्रिया उद्योगातील डोकी-शेपट्या यांचा वापर वाढवून खाद्यातले फिशमीलचे प्रमाण बरेच खाली आणले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु या प्रमाणाची जागतिक सरासरी सुधारलेली दिसते ती मुख्यतः कार्प आणि तिलापिया यांसारख्या शाकाहारी वळणाच्या माशांचा त्यात मोठा वाटा असल्यामुळे, हेही विसरता कामा नये.

फिशमीलच्या मागणीची झळ कोठे बसते, हे पश्चिम किनाऱ्यावर स्पष्ट दिसते. मंगळूर-मलपे पट्ट्यापासून गोवा आणि रत्नागिरीपर्यंत फिशमीलचे कारखाने आहेत आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे बहुतांशी तारली व जाळ्यात सापडणारी बारकी, अपुऱ्या वाढीची मासळी. तारली हे किनारपट्टीवरच्या गोरगरिबांचे कालवण. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन मिळालेली ही मासळी २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांवरही पोहोचली नाही. या घसरणीमागे समुद्राच्या बदलत्या तापमानाचा हात मोठा होता, तरी पिल्ले ओरबाडून नेणाऱ्या मासेमारीने सावरण्याची संधी हिरावली, ही तज्ज्ञांची तक्रार होतीच. केरळच्या पाठोपाठ महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये चोपन्न जातींसाठी पकडण्याजोग्या किमान आकाराचे बंधन घातले. पण बारक्या मासळीला कारखान्याच्या दारात गिऱ्हाईक आहे तोवर बंदरावर तपासणी करणाऱ्यांची कसोटी लागत राहणार. ज्या शेतीने समुद्रावरचा भार हलका करायचा, तीच समुद्राला खाद्याचे कोठार समजू लागली तर हिशेब फिरून पुन्हा शून्यावर येतो.

निर्यातीच्या कोळंबीवर सरसकट टीका करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. २०२३-२४ मध्ये भारताच्या सुमारे साठ हजार कोटी रुपयांच्या मत्स्यनिर्यातीत गोठवलेल्या कोळंबीचा वाटा दोन तृतीयांश होता आणि त्यावर लाखो घरे चालतात. तथापि हा परकीय चलनाचा धंदा आहे आणि त्याला अन्नसुरक्षेचे नाव देणे ही दिशाभूल आहे. नव्वदच्या दशकातील सफेद ठिपक्यांचा रोग, खारवलेली भातशेती, कोळंबी तळ्यांबाबतचा १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यानंतर २००५ मध्ये झालेला किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा, हा इतिहास धोरणकर्त्यांना पाठ असायला हवा. अलीकडे ताडपत्रीच्या टाक्यांतील बायोफ्लॉक पद्धतीचेही बरेच कौतुक झाले. पाण्यात गुळासारखे कर्बयुक्त पदार्थ टाकून सूक्ष्मजीव वाढवायचे आणि त्यांच्याकडून माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे पुन्हा खाद्यात रूपांतर करून घ्यायचे, ही कल्पना शास्त्रशुद्ध आहे. मात्र त्या सूक्ष्मजीवांनाही प्राणवायू लागतो, हवेचे पंप अखंड चालावे लागतात आणि ग्रामीण भागात वीज काही तास गेली की सकाळी टाकीवर पांढरी पोटे तरंगतात. अनुदानाच्या जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरांतही नसते.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने अधिक मोलाचे संशोधन झाले ते बांगलादेशात, आणि तेही एका बोटभर लांबीच्या, एरवी कोणी ढुंकून न पाहणाऱ्या मोला नावाच्या माशावर. तळे तयार करताना विषारी भुकटी टाकून असे ‘निरुपयोगी’ मासे आधी मारायचे आणि मगच कार्पचे बीज सोडायचे, ही तिथली शिफारस होती. भारतातही याच कामासाठी हेक्टरी दोन-अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकण्याचा सल्ला पुस्तकांत दिलेला असतो. पोषणतज्ज्ञ शकुंतला थिलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की डोक्यासकट, काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या मोलात अ जीवनसत्त्व रोहूच्या कित्येक पटींनी असते, काट्यांतून कॅल्शियम मिळते आणि मोला कार्पबरोबर ठेवल्याने कार्पचे उत्पादन घटत नाही. शिवाय तो तळ्यातच पैदास करतो, त्यामुळे दरवर्षी बीज विकत घ्यावे लागत नाही, आणि आठवड्याला थोडा थोडा काढता येत असल्याने बाजारात विकण्याइतका साठत नाही. मोठा कार्प विक्रीला जातो, बारका मासा घरच्या बायकापोरांच्या ताटात राहतो. थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. उत्पादनवाढ आणि पोषण यांची सांगड घालणारे इतके स्वस्त तंत्र दुसरे क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रात हे तंत्र आजमावण्यासाठी नवी तळी खोदण्याची गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत आणि त्यांवर ढीवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. गाळ साचून आणि बेशरमची झुडपे माजून यांतील अनेक तलाव उथळ झाले. जेथे स्थानिकांनी ती झुडपे उपटून मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेथे देशी मासे परतल्याचा अनुभव आहे. असे असूनही सरकारी योजना फिरते ती कटला-रोहूची किती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्ले, सोडली आणि किती टन निघाली या आकड्यांभोवतीच. मरळ, वाम, शिंगी यांच्यासारखे देशी मासे आणि घराघरांत शिजणारे झिंगे यांचे पोषणमूल्य, त्यांची पैदास आणि कार्पशी त्यांचे सहजीवन यांवर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी ढीवर संस्थांना सोबत घेऊन तलावावरच दीर्घकाळ प्रयोग करायला हवेत.

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे वीजदर, कर्ज आणि विमा यांबाबतच्या सवलतींचा मार्ग मोकळा झाला. या सवलतींचा मोठा वाटा पिंजरे आणि टाक्यांचे भांडवल उभारू शकणाऱ्यांनीच उचलला, तर तलावावरचा ढीवर आहे तेथेच राहील. तेव्हा पहिल्या टप्प्यात तलावाच्या ठेक्याची मुदत गाळ काढण्याचा खर्च वसूल होईल इतकी लांब करावी, मोहाच्या पेंडीची सरसकट शिफारस मागे घ्यावी आणि अंगणवाडीच्या आहारात तलावातल्या बारक्या सुक्या मासळीच्या भुकटीचा प्रयोग पूर्व विदर्भातील काही तालुक्यांत, अर्थातच मासे खाणाऱ्या कुटुंबांच्या संमतीने, सुरू करावा. या तिन्ही गोष्टींसाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही आणि त्यांचा खर्च एखाद्या अद्ययावत टाकी प्रकल्पाच्या अनुदानापुढे नगण्य ठरेल.