संमतिपत्रावरील स्वाक्षरी

बालकाच्या दंडापर्यंत पोहोचणाऱ्या लसीला औषध महानियंत्रक परवानगी देतात. ती राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यावी की नाही, याची शिफारस तज्ज्ञांचा सल्लागार गट करतो. सक्ती ही तिसरीच गोष्ट. १८८० च्या कायद्याने काही शहरांत देवीची लस सक्तीची झाली होती. आजचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐच्छिक आहे.

वसतिगृहात मात्र पालक दूर असतात. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस मुलींना टोचली गेली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. परवानगी होती, राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश नव्हता. २,७६३ संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्याच सह्या होत्या, असे संसदीय समितीच्या अहवालात नमूद आहे. त्यांचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही लसीचे विरोधकही नव्हे. देवीचे उच्चाटन लसीनेच झाले.

परंतु आमच्याही कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, आणि शिबिराच्या आदल्या दिवशी लेखणी आमच्याच हाती असते. शिबिर आठवडाभर लांबले तरी चालेल. फडावरील त्या मातेला दूरध्वनी करून, लस कोणती व कशासाठी, हे तिच्या बोलीत सांगितलेच पाहिजे. तिने ‘नको’ म्हटले, तर तेही नोंदवहीत लिहावे.