साबण मागणाऱ्यांचं काय झालं?

रशियात लोकशाही आली म्हणून नाचणारे एकीकडे, सोव्हिएत स्वर्ग बुडाला म्हणून गळा काढणारे दुसरीकडे. दोघांनाही एकदा खाणीत उतरवा.

जुलै १९८९. सैबेरियातल्या कुझबासच्या कोळसा खाणी. मेझ्दुरेचेन्स्कचे कामगार संपावर गेले. मागण्यांत साबण होता. साबण! सत्तर वर्षं कामगारांचं राज्य, आणि खाणीतून वर आलेल्या कामगाराला अंग धुवायला साबण नाही. पार्टीच्या साहेबांची दुकानं वेगळी, दवाखाने वेगळे. ह्याला समाजवाद म्हणणारे आमचे पोथीवाले अजून शाबूत आहेत. त्यांना लांबूनच सलाम.

१९९१ ला हेच कामगार पुन्हा उठले. गोर्बाचेव्ह, खाली उतर म्हणाले. येल्त्सिनला डोक्यावर घेतला. वर्षअखेरीला सोव्हिएत युनियन संपलं. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे सोडले, वर्षभरात ते सुमारे २५ पट. म्हातारीनं जन्मभर बँकेत साठवलेलं रद्दी झालं.

मग चुबाईसनं व्हाउचर वाटली. माणशी १० हजार रुबलचा कागद. देशाची मालमत्ता जनतेची! एका कागदाच्या दोन व्होल्गा मोटारी होतील म्हणाला. पोटात आग असताना कागद कोण सांभाळतो? कुणी मिळेल त्या भावात फुंकला, कुणी फंडात घातला तर फंडच पळाला. कारखान्यातले शेअर जुन्या डायरेक्टरच्या मुठीत. काल खिशात पार्टीचं कार्ड, आज मालकीचं. खुर्ची तीच, ढुंगण तेच.

१९९५ ला तर लाजच सोडली. बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं, सरकारनं कंपन्या तारण ठेवायच्या. नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के शेअर १७ कोटी डॉलरला पोतानिनच्या बँकेकडे. लिलाव पुकारणारी बँक पण तीच! दुपटीची बोली आली, ती बाद केली. कर्ज फिटलं नाही, तारण गिळलं. ह्याचं नाव सुधारणा.

१९९० ला रशियन पुरुषाचं सरासरी आयुष्य ६४ च्या आसपास होतं. १९९४ ला ५८ सुद्धा नाही.

आणि खाणवाले? पगार महिनोन्‌महिने थकलेले. मे १९९८ ला ते रेल्वेच्या रुळांवर बसले, जूनमध्ये मॉस्कोत सरकारी इमारतीसमोरच्या गोर्बाती पुलावर. १९९३ ला संसदेवर येल्त्सिननं रणगाडे डागले, ती हीच इमारत. पुलाच्या दगडांवर हेल्मेटं आपटत राहिले. पगार टाका, येल्त्सिन खाली उतर! ऑक्टोबरात तंबू गुंडाळून परत गेले. तो हलला नाही. ३१ डिसेंबर १९९९ ला स्वतःच उठला, पुतिनला बसवून गेला. पुतिननं त्याच दिवशी हुकूम काढला : येल्त्सिनवर खटला नाही.