शिकारी कोण, कावळा की आपण?

उन्हाळा लागला की आपल्या बारामती-इंदापूरकडच्या घरांत न सांगता पाहुणे येतात. कुणाच्या मनीप्लांटमध्ये, कुणाच्या जास्वंदीत, कुणाच्या दारावरच्या मधुमालतीत बुलबुलाची जोडी घरटं बांधते. चिमणीला तर विजेच्या मीटरमागची फटसुद्धा पुरते. मग घरातल्या बाईचा जीव त्या घरट्यात अडकतो. भांडी घासताना एक डोळा तिकडे, दुपारी जरा पाठ टेकली तरी कान तिकडे. बुलबुलाची दोन-तीन अंडी, ती उबवायला साधारण दोन आठवडे आणि पुढे जवळपास तेवढ्याच दिवसांत पिल्लं भुर्र! महिन्याभराचाच संसार, पण जिवाला घोर किती!

घोर असतो तो शिकाऱ्यांचा. महिला मंडळाच्या कामासाठी घरोघरी जाणं होतं, तेव्हा हमखास ऐकू येतं, "ताई, मेल्या कावळ्यानं पिल्लं नेली हो!" मग कावळ्याला दगड, धामण दिसली की काठी. गंमत म्हणजे भारद्वाज दिसला की आपण शुभशकुन म्हणून हात जोडतो, पण अंडी-पिल्लं तोही खातो.

मला वाटतं, या शिकाऱ्यांवर राग धरण्यात अर्थ नाही. कावळ्यालाही पिल्लं असतात आणि तो बिचारा कोकिळेचीही पिल्लं वाढवतो. धामण गेली तर उंदरांना आवरणार कोण? निसर्गानं हा तोटा हिशेबात धरलेला असतो. घरटं मोडलं तर बुलबुल त्याच हंगामात दुसरं बांधते. सुगरण पक्षी विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या टोकाला खोपा टांगतो, तोही साप-मुंगसाला तिथं सहज पोचता येऊ नये म्हणूनच. आणि बरं का, नाव बाईचं असलं तरी तो खोपा विणतो नर. मादी येऊन पारखते, पसंत पडला तरच संसार मांडते!

पण काही शिकारी निसर्गाच्या हिशेबात नाहीत. ते आपण आणलेले आहेत. पहिली आपली लाडकी मनी. तिचं पोट दूधभातानं भरलेलं असलं तरी ती पाखरावर झडप घालतेच, कारण शिकार तिच्या रक्तात आहे. अमेरिकेत मांजरं वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडला. आपल्याकडे कुणी मोजत नसलं, तरी गल्लीत मांजरं किती हे आपल्याला ठाऊक आहेच. दुसरा शिकारी छताचा पंखा. तिसरी ऐन विणीच्या दिवसांत झाडावर चालणारी कुऱ्हाड. आणि चौथा हातातला मोबाईल! फांद्या बाजूला सारून आपण फोटो काढतो, पण पानांचा तो पडदा हटला की घरटं कावळ्याला आयतंच दिसतं.

जागा दिली की पाखरं राहतात, हे आपल्या इंदापूरनं दाखवलं आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि फुगवट्याच्या पाण्यात मासळी वाढली. इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर आणि भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांनी कित्येक वर्षं घरटी केली. भर उन्हात पंख पसरून पिल्लांवर सावली धरणारी ती आई पाहिली, की आपलीच कुणी वाटते. खाली विष्ठेचा सडा आणि माशांचा वास, हे काही सुखाचं नव्हे. पण चिंचा उभ्या राहिल्या, म्हणून पक्षी आले. गावाला एवढं जमतं, तर आपल्याला एक कुंडी महिनाभर जागची न हलवणं जमणार नाही?

करायचं तरी फार काय आहे? पिल्लं उडायला लागतील ते आठ-दहा दिवस मांजर घरात ठेवायची, निदान सकाळ-संध्याकाळ तरी. झाडाच्या बुंध्याला बाभळीची काटेरी फांदी बांधायची. घरट्याजवळ खरकटं टाकायचं नाही. चिमणी घरात असेल तर त्या खोलीतला पंखा बंद. पाहायचं ते लांबून, खिडकीतून. पंख न फुटलेलं पिल्लू खाली पडलं तर अलगद उचलून घरट्यात ठेवावं. हात लागला की आई टाकून देते, हा निव्वळ गैरसमज आहे. पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. आई जवळपासच असते.

घरात कुणी घरटं काढून टाकायला निघालं, तर त्याला सांगा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेसुद्धा शिकारीतच मोजलं आहे. पण कायद्यापर्यंत जायची वेळच का यावी? बाळंतिणीची खोली कशी जपायची हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिथं गर्दी नको, गोंगाट नको, सारखं डोकावणं नको. अगदी तेवढंच या पाखरांसाठी करूया. कावळ्याचं काय ते निसर्ग पाहील. आपल्या मांजरीचं, आपल्या पंख्याचं आणि आपल्या हौसेचं मात्र आपणच पाहायला हवं.